वकीलसाहेबांच्या गाडीची खोड

मेहकरच्या शेषराव वकिलांची मोटार मागे जात नसे. पुढे ती छान जाई. चढावर जाई, चिखलातून जाई, एकदा तर बारशाच्या मांडवातूनही गेली. पण मागचा गिअर टाकला की पोटातून कुणी सुपात खडे पाखडावेत तसा आवाज यायचा आणि गाडी जागची हलायची नाही. गावाला हे ठाऊक होतं, पण वकीलसाहेबांच्या तोंडावर ते कुणी बोलत नसे. एखाद्या मानकऱ्याचा कान आखूड असावा आणि लोकांनी तिकडे बघायचं टाळावं, तसं ते चाललं होतं.

ही गाडी म्हणजे साधीसुधी मोटार नव्हे. दोनच माणसांची, हिरवी, टप उघडणारी, लांब नाकाची, शर्यतीच्या घाटाची. खामगावला कापसाच्या धंद्यात असलेला एक गोरा साहेब मायदेशी जाताना ती टाकून गेला. ती मेहकरात आणि तीही शेषरावांच्या दारात कशी आली, हे सांगत बसलो तर आज आपण वरवट बकालला पोचायचे नाही, आणि खरी गोष्ट घडली ती तिथे.

मागे न जाणारी मोटार बाळगायला वकिलीपेक्षा जास्त बुद्धी लागते, असं शेषरावांचं प्रामाणिक मत होतं. कोर्टात जाताना गाडी कुठे थांबवली म्हणजे निघताना नाक मोकळं राहील, याचा विचार ते आदल्या दिवसापासून करत. घर कोर्टापासून हाकेच्या अंतरावर असूनही ते गावाला वेढा घालून घरी येत आणि कुणी विचारलंच तर "इंजिन मोकळं करतो" म्हणत. एकदा ती एका पक्षकाराच्या गोठ्यात तोंड घालून बसली. तेव्हा गोठ्याची पलीकडची भिंत पाडून ती पुढून बाहेर काढावी लागली. भिंत पडायलाच आली होती, हे शेषरावांनी पक्षकाराला पटवून दिलं आणि त्या सल्ल्याची फी घेतली नाही.

तर खामगावच्या एका लग्नात या हिरव्या गाडीशेजारी एक तांबडी गाडी येऊन उभी राहिली. तीही दोन माणसांची, तीही शर्यतीच्या घाटाची, पण दुसऱ्या मॉडेलची. तिच्या पाठीवरचं झाकण उचललं की आत आणखी दोन माणसांची बैठक निघे. मालक जळगाव जामोदचे रंगराव. घरची केळी, संत्री, भाजीपाला. अंगात सदरा, डोक्याला रुमाल. कुठल्याशा संस्थानिकाच्या लिलावात त्यांनी गाडी घेतली होती. जेवणं होईपर्यंत दोघे एकमेकांच्या गाडीभोवती फिरत राहिले. निघताना रंगराव म्हणाले, "वकीलसाहेब, बदलता का? मले तुमच्या गाडीचं नाक लय आवडलं. वरून देनंघेनं काई नाई."

शेषरावांच्या मनात उकळी फुटली. तांबडी गाडी मांडवासमोर झोकात मागे येताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. पण पटकन हो म्हणणारा वकील कसला! "विचार करून कळवतो," ते गंभीरपणे म्हणाले.

मग महिनाभर विचार झाला. सोमवारी शेषराव बदलीच्या बाजूने युक्तिवाद करत, मंगळवारी विरुद्ध, आणि दोन्ही दिवशी हरत. पुष्पाबाई, म्हणजे वकीलीणबाई, बदलीच्या बाजूच्या होत्या, कारण त्यांची आई आली की दोघांपैकी एकाला एस.टी.ने जावं लागे आणि ते एक नेहमी पुष्पाबाईच असत. शेजारचे अर्जुनराव, रेव्हेन्यूतून सर्कल इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन सल्ला देत.

"हिरवी सोडू नका," ते पहिल्या दिवशी म्हणाले. "तिच्यात रुबाब हाये."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सोडा. जुनं जनावर योग्य वेळी सोडावं."

महिना संपता संपता त्यांनी तांबडीच्या मागच्या बैठकीवर हरकत घेतली. "वकीलसाहेब, त्या झाकनातून मान काहाडून बसलेला मानूस मले कनगीत पडल्यावानी दिसते. तिथं सासूबाईले बसवसान?"

सासूबाई धान्याच्या कणगीतून मान काढून गावातून चालल्या आहेत, हे चित्र शेषरावांना इतकं समाधान देऊन गेलं, की त्याच रात्री त्यांनी रंगरावांना होकाराचं पत्र टाकलं.

पुढे आले कागद. शेषरावांनी आयुष्य कागदांत घालवलं होतं, तरी गाड्यांच्या कचेरीत दयाराम नावाच्या कारकुनाने त्यांना तासभर बाकावर बसवलं. मग चष्मा कपाळावर चढवून तो म्हणाला, "हे कागद सी. पी. अँड बेरारचे हायेत, साहेब. ज्या राज्याची ही गाडी हाये, ते राज्यच आता नाई."

"अहो, राज्य महाराष्ट्र झालं. मीही त्या जुन्याच राज्यात जन्मलो. मग मी कोण?"

"तुमचं मले मालूम नाई. म्या गाडीचं सांगून राह्यलो."

ते निस्तरलं तर अदलाबदल अडली. फॉर्मात एक देणार आणि एक घेणार. इथे दोघेही देणार आणि दोघेही घेणार. तसा रकाना नव्हता. शेवटी दयारामनेच तोड काढली. "आदी तुमी त्याईले द्या. मंग त्याईनं तुमाले द्यावं. मधात अर्धा घंटा तुमच्यापाशी एकबी गाडी नाई, अन् त्याईच्यापाशी दोन." पंचवीस वर्षांच्या वकिलीत आपल्याला हे का सुचलं नाही, या विचाराने शेषराव दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

बदलीची जागा ठरली वरवट बकाल. निघायच्या सकाळी पुष्पाबाई दशम्या बांधत होत्या. बांधता बांधता त्यांनी विचारलं, "गाडी मागं येत नाई, हे सांगसान ना त्याईले?"

"विचारलं तर सांगीन," शेषराव म्हणाले. "साक्षीदारानं जेवढं विचारलं तेवढंच सांगावं, हा कायदा आहे."

"तुमी साक्षीदार हायेत का?" पुष्पाबाई म्हणाल्या, आणि फडक्याची गाठ मारून गाडीत जाऊन बसल्या.

वरवटला कडुनिंबाखाली रंगराव आपल्या आईला, सोजराबाईंना, घेऊन आधीच आले होते. शेषरावांनी मोठ्या चतुराईने गाडी मैदानावरून गोल फिरवून आणली आणि तिचं नाक जळगाव जामोदच्या रस्त्याकडे करून उभी केली, म्हणजे रंगरावांना ती मागे घ्यायची वेळच येऊ नये.

रंगरावांचा चेहरा उजळला. "पाह्य माय," ते आईला म्हणाले, "वकीलसाहेबानं गाडीचं तोंड आपल्या गावाकडं करून देल्लं. लेक सासरी धाडावी तशी." शेषरावांच्या कानशिलांना पहिल्यांदा ऊब आली ती इथे.

मग रंगरावांनी तांबडीच्या पाठीवर हात ठेवला आणि बैलाच्या बाजारात सांगतात तशा तिच्या खोडी सांगायला सुरुवात केली. "डाव्या अंगानं ओढते. थंडीत लवकर उठत नाई. उतारावर कधी कधी भोंगा आपोआप वाजते, लोक शिव्या देतात, तिकडं ध्यान देऊ नका. पाऊस आला का मागच्या बैठकीत पानी साचते, त्यात एकदा बेडूक निंगाला होता. बस. एवढंच." मग ते सरळ उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "आता तुमच्या गाडीची खोड सांगा."

विचारलं होतं. अगदी मराठीत, स्पष्ट, चार माणसांदेखत विचारलं होतं.

शेषरावांनी घसा साफ केला. "रंगराव," ते म्हणाले, "पुढे जाताना या गाडीनं मला आजवर एकदाही दगा दिला नाही."

यातला शब्दन् शब्द खरा होता. जिल्हा कोर्टात तो टिकला असता, हायकोर्टात टिकला असता. कडुनिंबाखाली मात्र पुष्पाबाईंनी पदर नीट केला आणि तो त्या बराच वेळ नीट करत राहिल्या.

"वकिलाचा शबुद हाये," सोजराबाई म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही गाड्यांना हळदकुंकू लावलं.

दोन्ही इंजिनं चालूच होती. रंगराव हिरवीत बसून नाकासमोर निघून गेले. शेषरावांनी तांबडी घेतली, आणि काही कारण नसताना तिला वीस हात मागे नेलं. मागे जाणं हे किती मोठं सुख आहे, हे ज्याची गाडी रोज मागे जाते त्याला सांगून कळायचं नाही.

कोसभर गेल्यावर तांबडी बंद पडली. थंडी नव्हती, पण तिला तसं वाटलं असावं. शेषराव उतरले, बाह्या सारल्या आणि इंजिन फिरवून सुरू करायचं हँडल शोधू लागले. पुढे बघितलं, मागे बघितलं, बेडकाच्या बैठकीत बघितलं. हँडल नव्हतं.

मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं कुणी देत नाही. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. म्हातारीने गाडीचं दावं म्हणून हँडल काढून ठेवलं होतं!

"काय हा अडाणीपणा!" शेषराव रस्त्याच्या मधोमध उभं राहून कडाडले. "माणूस आकाशात उडून राहिला, आणि आपण मोटारीला दावं समजतो! त्या रंगरावानं तरी सांगायला नको? घरच्या बाईला एवढं कळत नाही का?"

पुष्पाबाईंनी दशम्यांच्या पिशवीत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेलं हिरव्या गाडीचं हँडल बाहेर काढलं. "आपलं मी बी नाई देल्लं," त्या म्हणाल्या.

शेषरावांचं भाषण तिथेच थांबलं. ते हँडल तांबडीला लागेना, हे सांगायला नकोच.

कडब्याची गाडी घेऊन चाललेले पुंजाजी नावाचे शेतकरी दयाळू निघाले. त्यांनी कडबा बांधावर उतरवला, बैल सोडून तांबडीला जुंपले आणि तिला वरवटकडे परत नेलं. वरवटचा त्या दिवशी बाजार होता. पुष्पाबाई खुशाल मागच्या बैठकीत बसल्या आणि त्यांना चारी बाजूंचं छान दिसत होतं. शेषराव चाक धरून, एका दाव्याचे कागद मांडीवर उघडून, जणू बैलांची ही व्यवस्था आपण मुद्दाम केली आहे अशा मुद्रेने वाचत होते. बाजाराच्या तोंडाशी ठेकेदाराने बैलगाडीची पावती फाडली. बैलांनी ओढलेली मोटार ही बैलगाडी ठरते का, यावर शेषरावांनी पाव तास वाद घातला. शेवटी ठेकेदार म्हणाला, "साहेब, पुढून पाह्यलं तं बैलच दिसून राह्यले," आणि भोवतीच्या लोकांनी निकाल त्याच्या बाजूने दिला.

तांबडी निंबाखाली ठेवून दोघे एस.टी.ने जळगाव जामोदला गेले. म्हातारीकडून हँडल मागायचं, आपलं द्यायचं, आणि पहिल्या गाडीने परतायचं. हिरवीकडे बघायचंसुद्धा नाही, असं शेषरावांनी वाटेत ठरवलं.

पण हिरवीकडे न बघता रंगरावांच्या घरी जाणं शक्य नव्हतं. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना घरं, आणि शेवटी भिंत. त्या भिंतीला नाक टेकून हिरवी उभी होती. तिच्या मागे गल्ली तुंबली होती. एक बैलगाडी, पाण्याच्या घागरी घेतलेल्या बाया, आणि आपल्याच गोठ्यात जायला न मिळालेल्या दोन म्हशी. वकीलसाहेब येताना दिसले तशी सगळ्या गल्लीने वाट करून दिली.

रंगराव धावत आले. त्यांची मान खाली होती. शेषरावांना वाटलं, आता हा चारचौघांत आपल्याला खोटारडा म्हणणार. ते मनातल्या मनात बचावाला उभे राहिले.

"वकीलसाहेब, मले लाज वाटून राह्यली," रंगराव म्हणाले. "एवढी चांगली गाडी तुमी देल्ली, अन् मले ती मागं घेता येऊन नाई राह्यली. दहा खेपा पाह्यलं. माह्या हाताले वळनच नाई. मंग बंदच पडली, अन् हँडल सापडेना. तुमी आले, लय बरं झालं. आता तुमीच दाखवा, मागं कशी घेतात."

तोवर पुष्पाबाईंनी हँडल सोजराबाईंच्या हातात दिलं होतं, आणि सोजराबाईंनी हसत हसत तांबडीचं हँडल कमरेच्या पदरातून काढून त्यांच्या हातात. दोघींना फार हसू येत होतं. "पाह्य माय, दोघीबी सारख्याच," सोजराबाई म्हणाल्या. गल्लीही हसली. एक म्हातारबुवा खाट घेऊन बघायला बसले. घागरीवाल्या बायांनी घागरी खाली ठेवल्या.

रंगरावांनी स्वतः हँडल मारलं. इंजिन पहिल्याच फटक्याला सुरू झालं. दार उघडून ते बाजूला उभे राहिले आणि वर्गात बसलेल्या माणसासारखे वाकून शेषरावांच्या हातांकडे बघू लागले.

शेषराव बसले. त्यांनी क्लच दाबला, गिअर धरला, आणि सुपातले खडे वाजू लागले. "हां, असाच आवाज येत होता माह्याकडून," रंगराव उत्साहाने म्हणाले. शेषरावांनी पुन्हा टाकला, पुन्हा खडे. त्यांच्या कपाळावर घाम आला, सदरा पाठीला चिकटला. एकदा त्यांना वाटलं, म्हणावं की तुम्ही दहा खेपा करून गिअर बिघडवला. शब्द अगदी जिभेवर आले होते. त्यांनी मान वर केली. रंगराव वाकून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, आपल्या हातून चांगली वस्तू बिघडली की काय, ही भीती आधीच होती. शेषरावांनी तसं म्हटलं असतं, तर त्या माणसाने ते खरं मानून माफी मागितली असती.

शेषरावांनी इंजिन बंद केलं.

"रंगराव, ही मागं जात नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं जात नाही. मला माहीत होतं."



"मंग तुमी सांगतलं काऊन नाई?" रंगरावांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं होतं. शेषरावांना गाडीतून उतरायचंसुद्धा सुचेना.

"गाडी आमी घेतलीच असती, भाऊ," सोजराबाई म्हणाल्या. "मागं घ्याले ह्या गल्लीत मानसं कमी हायेत का? नुसतं सांगाले पाह्यजे होतं." मग त्या वळून ओरडल्या, "पाह्यता काय बे? लावा हात!" आठ जण पुढे आले आणि त्यांनी हिरवी उचलून, शेषरावांसकट, गल्लीच्या तोंडापर्यंत मागे नेऊन ठेवली. शेषराव चाक धरून समोर बघत बसले होते. एवढ्या लोकांच्या हातांवर ते आयुष्यात पहिल्यांदाच चालले होते, आणि ज्यांना फसवलं त्यांनीच उचललं होतं.

"तुमची गाडी परत घ्या," ते उतरल्यावर म्हणाले. रंगरावांनी मान हलवली. "सौदा झाला तो झाला. कुंकू लागलं." मग त्यांनी त्या दोघांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. शेवयांची खीर होती. शेषरावांना ती गिळवेना आणि नको म्हणायचं तोंडही नव्हतं.

तांबडी मेहकरात आली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेषराव कोर्टातून सरळ रस्त्याने घरी आले, तर ओट्यावर अर्जुनराव आणि गल्लीतले तिघे जण त्यांची वाट बघत बसले होते. अर्जुनरावांच्या हातात पोस्टकार्ड होतं.

"पोस्टमन माह्यापाशी देऊन गेला," ते म्हणाले. "कार्ड हाये, नजर गेली. ऐका सारे!" आणि त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं:

"रा. रा. वकीलसाहेब यांसी रंगरावचा नमस्कार. वरवटहून घरी पोचताच हे कार्ड टाकीत आहे. घाईत एक खोड सांगायची राहिली. उजव्या दाराची कडी ओल्या हवेत अडकते. आई म्हणते, न सांगता दिलेली वस्तू दोन्ही घरांना लाभत नाही. हे वाचून सौदा मोडावा वाटल्यास आमची ना नाही. तुमची गाडी निर्मळ आहे. ती आम्हास मागे घेता येत नाही, हा दोष आमचा. शिकून घेऊ."

"वा!" तिघांतला एक म्हणाला.

"निर्मळ!" अर्जुनराव म्हणाले. "याले म्हनतात मानसाची पारख. वकीलसाहेब, हे कार्ड बाररूमात लावा. मेहकरचं नाव काहाडलं तुमी."

पुष्पाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. जळगाव जामोदचं कुणी मेहकरात येणार नव्हतं. नुसतं हसून कार्ड घेतलं असतं, तरी चाललं असतं. परक्या गल्लीत एकदा सांगून झालंच होतं, आणि आपल्या गल्लीत सांगणं त्याच्या दसपट जड होतं.

"अर्जुनराव," शेषराव म्हणाले, "कार्ड लिहिलं तेव्हा त्याला माहीत नव्हतं. ती गाडी मागं जातच नाही. त्यानं विचारलं, आणि मी लपवलं."

अर्जुनरावांनी कार्ड उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

"मागं जात नाई, हे तं आमाले ठाव होतं, वकीलसाहेब," ते हळू आवाजात म्हणाले. "पन तुमी त्याईले सांगतलं असन, असंच वाटलं होतं. साऱ्याइलेच."

आणि मग ते चौघेही, शेषरावांकडे बघायला लागू नये म्हणून, खाली वाकून आपापल्या चपला शोधू लागले.